कॅनूतून नदीतली मस्की: आधी उतरायची जागा ठरवा, मग कास्ट करा

अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे राहणारी आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात कॅनू घेऊन नदीवर जातात आणि त्यातल्या काहींना मस्कीचं, म्हणजे मोठ्या दातांच्या एका शिकारी माशाचं, वेड लागतं. मग जे प्रश्न येतात ते सगळे ल्यूरचे, म्हणजे नकली आमिषाचे, कुठला रंग, केवढा, कुठल्या कंपनीचा. चुका मात्र भलतीकडेच होतात. मासा लागतो, चांगला ४० इंची, आणि कॅनूत दोघंही उभे, नेट, म्हणजे मासा उचलायचं जाळं, सामानाखाली, पक्कड सापडत नाही, होडी धारेत आडवी झालेली आणि खाली पन्नास फुटांवर झाड पडलेलं. अशा वेळी माणसं पाण्यात जातात, हातात हुक घुसतात, आणि मासा सोडला तरी तो इतका दमलेला असतो की पुढे जाऊन मरतो.

म्हणून क्रम उलटा लावायचा. मासा कुठे नेऊन सोडणार ते आधी ठरवायचं, मग होडी कुठून जाईल ते, आणि कास्ट, म्हणजे ल्यूर पाण्यात फेकणं, शेवटी. खालचं सगळं या क्रमानेच लिहिलंय. तळ्यावर मोटरबोटीतून मस्की धरणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही, त्यांना उभं राहता येतं, बॅटरी असते, नांगर असतो. कॅनूत तुम्ही पाण्यापासून जेमतेम फूटभर वर बसलेले असता आणि होडी इतकी हलकी असते की मासाही ती ओढतो, हे कायम डोक्यात ठेवा.

टप्पा १ – नियम, हंगाम आणि पाण्याचं तापमान

लायसन्स दोन्ही राज्यांत १६ वर्षांपासून पुढे लागतं. मिनेसोटात राहत असाल तर १० फुटांपेक्षा मोठ्या कॅनूचं रजिस्ट्रेशनही करावं लागतं, वल्ह्याने चालणारी असली तरी. विस्कॉन्सिनमध्ये बिनमोटरच्या कॅनूला ते लागत नाही, पण छोटी इलेक्ट्रिक मोटर लावलीत की लागतं.

मस्कीचा हंगाम वर्षभर नसतो. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये तो मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या वीकेंडला सुरू होतो, मिनेसोटात जूनच्या सुरुवातीला. ठेवायच्या माशाची कमीत कमी लांबी विस्कॉन्सिनच्या बऱ्याच पाण्यांवर ४० इंच आहे, काही ठिकाणी ५०, आणि मिनेसोटात राज्यभर ५४. सेंट क्रॉयसारख्या सरहद्दीच्या नद्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे ज्या पट्ट्यावर जाताय त्याचाच नियम निघण्याआधी उघडून बघा. खरं तर मस्की धरणारे जवळजवळ सगळेच मासा सोडून देतात, आणि हा लेख पण सोडायचा आहे असंच धरून लिहिलाय.

तापमानाकडे मात्र कोणी बघतच नाही. पाणी ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे २७ सेल्सियसच्या आसपास गेलं की मस्की धरू नये. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, मासा झुंजून आधीच थकलेला असतो, तुमच्यासमोर शेपटी हलवत जातो आणि नंतर मरतो. आपल्याला वाटतं छान गेला. जुलै-ऑगस्टच्या गरम आठवड्यांत सरळ स्मॉलमाउथ बास धरा, नदीत ते भरपूर असतात आणि मजा कमी नसते.

तपासा: थर्मामीटर दोरीला बांधून कॅनूत कायमचा ठेवा. सकाळी एकदा, दुपारी एकदा पाण्यात सोडून बघा. दुपारी आकडा ७८ च्या वर दिसला तर मस्कीचा रॉड बांधून ठेवा.

थंडीची बाजू पण आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हा नदीवरच्या मस्कीचा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ, पाणी गार होत असतं, मासे खायच्या मूडमध्ये, नदीवर गर्दी नाही. पण त्याच पाण्यात पडलात तर हात-पाय फार लवकर काम करेनासे होतात. वल्हवणाऱ्या लोकांचा एक ठोकताळा आहे: हवेचं आणि पाण्याचं फॅरनहाइट तापमान मिळून १२० च्या खाली असेल तर वेटसूट किंवा ड्रायसूट घाला. तो नसेल तर त्या दिवशी काठावरून कास्ट करा.

टप्पा २ – नदीचा पट्टा ठरवणं

चिपेवा, फ्लँबो, नेमकागन, सेंट क्रॉय, विस्कॉन्सिन नदी, वरची मिसिसिपी, सगळीकडे मस्की आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना व्हर्जिनियाची न्यू रिव्हर आणि टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाची फ्रेंच ब्रॉड आहे. कुठली नदी हा प्रश्न त्यामानाने सोपा. अडचण येते ती पट्टा किती लांब घ्यायचा यात.

नुसती वल्हवणारी माणसं दिवसाला १५ मैल सहज जातात, ते आकडे वाचून लोक तेवढाच पट्टा घेतात आणि मग दुपारी तीन वाजता लक्षात येतं की अजून नऊ मैल बाकी आहेत, मग उरलेली नदी नुसती पळत काढायची आणि अंधारात उतरायची जागा शोधायची. मासे धरत जायचं असेल तर ६ ते ८ मैल पुरे. पहिल्यांदा जात असाल तर ५.

पट्टा ठरला की सॅटेलाइटचा नकाशा उघडून वरून खाली सगळी नदी बघा आणि तीन गोष्टी नोंदवून ठेवा. पहिली, धरणं आणि बंधारे. विस्कॉन्सिन नदीवर तर पंचवीसच्या आसपास धरणं आहेत, चिपेवावर आणि फ्लँबोवरही आहेत, तिथे कॅनू उचलून काठाने पुढे न्यावी लागते आणि ती वाट कुठल्या काठाला आहे हे आधी माहीत पाहिजे. दुसरी, खळखळाटाचे भाग. तिसरी, आणि ही कोणी नोंदवत नाही, वाळूचे पट्टे, बेटांच्या खालची टोकं, संथ पाण्याचे कोपरे. मासा लागला की तुम्ही तिथेच जाणार आहात. नकाशावर त्यांना खुणा करून फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, नदीवर नेटवर्क मिळेलच असं नाही.

सावधान: बुटका बंधारा वरच्या बाजूने बघितला तर नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते, धोका दिसतच नाही. खाली पडणारं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही, लाइफ जॅकेट असलं तरी. नकाशात बंधारा असेल तर त्याच्या बरंच आधी काठाला लागा.

नदीला पाणी किती आहे हे यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) गेजवर, म्हणजे नदीतल्या मोजणी केंद्रावर, घरबसल्या दिसतं, सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय तो आकडा. नुसता आकडा बघून काही कळत नाही, त्या तारखेच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघायचा. नेहमीच्या दुप्पट असेल आणि रेघ वर चढत असेल तर जाऊ नका. उतरत असेल आणि पाणी निवळत असेल तर तो उत्तम दिवस. धरणाखालच्या पट्ट्यात पाणी दिवसातसुद्धा वर-खाली होतं, म्हणून वाळूवर कॅनू ओढून जेवायला बसलात तरी बांधून ठेवा.

गाड्यांचं पण आधीच ठरवा. एक गाडी खाली, एक वर, किंवा खाली सायकल कुलूप लावून ठेवायची. खालच्या गाडीची चावी वरच्या गाडीत विसरणं हा प्रकार इतक्या लोकांचा होतो की चावी लाइफ जॅकेटच्या चेनच्या खिशात, हा नियमच करून टाका.

टप्पा ३ – कॅनू लावणं

१६-१७ फुटी, रुंद, सपाट तळाची दोघांची कॅनू घ्या. अरुंद आणि वेगवान कॅनू इथे कामाची नाही. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर चालेल, पण ती फार वाजते, वल्हं आपटलं की अख्ख्या डोहाला कळतं, म्हणून तळाला जुनी योगा मॅट किंवा रबराची चटई टाका. ती चटई गुडघ्यांनाही लागणारच आहे.

सामान कमी. खरंच कमी. दोघांत तीन रॉड पुष्कळ झाले. ल्यूर सहा ते आठ, ते मोठ्या टॅकल बॉक्समध्ये न ठेवता एका उंच बादलीत किंवा दुधाच्या क्रेटमध्ये प्लास्टिकच्या नळ्या उभ्या करून एकेक लटकवा. मस्कीच्या ल्यूरला दोन-तीन तिहेरी हुक असतात, एकेक बोटाएवढा. असा एक ल्यूर कॅनूच्या तळाशी सुटा पडलाय आणि होडी हलली, तुम्ही तोल सांभाळायला हात टेकला, की पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता हत्यारं. लांब नाकाची पक्कड, ११ इंची तरी. हुक कापायचं कटर, हे सगळ्यात महत्त्वाचं. जबडा उघडा ठेवायचा स्प्रेडर. पाण्यावर तरंगणारी मोजपट्टी. हे सगळं मागे बसणाऱ्याच्या उजव्या हाताला, एका उघड्या पिशवीत, पिशवी कॅनूला बांधलेली. नेट मोठं हवं, खोल, रबराचा लेप असलेलं. साधं नायलॉनचं जाळं माशाचे पर चिरतं आणि अंगावरचा चिकट थर पुसून काढतं. नेट मधल्या आडव्या पट्टीवर मोकळं ठेवायचं, त्याच्यावर काहीही नको, जॅकेट नको, जेवणाचा डबा नको.

तपासा: निघण्याआधी काठावर कॅनूत बसा, डोळे मिटा आणि कटर, पक्कड, नेट हाताने शोधा. तिन्ही पाच सेकंदांत मिळाले नाहीत तर मांडणी बदला.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक असणं कायद्याने लागतंच, पण कॅनूत ठेवून उपयोग नाही, अंगात घाला. मोठे हुक घेऊन वाहत्या पाण्यात बसलोय आपण. चष्मा किंवा गॉगल दोघांनीही, मागच्याने तर नक्कीच. एक बारीक पात्याची सुरी जॅकेटलाच अडकवलेली असू द्या, दोरीत अडकलात तर.

नांगराबद्दल लोक खूप विचारतात. वेगवान पाण्यात कॅनूला नांगर नको, विषय संपला. संथ पाण्यात टाकायचाच तर फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकावरून, मधून कधीच नाही, कारण मधे बांधलेली दोरी होडीला धारेत आडवी करते आणि पाणी कडेवरून आत येतं. दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधलेली हवी. उथळ, मध्यम धारेत मला नांगरापेक्षा साखळी आवडते: दोन-तीन फूट जाड साखळी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घालून मागच्या टोकावरून सोडायची, ती तळाला घासत येते, होडी हळू होते आणि सरळ राहते. आवाजही नाही. मोठ्या दगडांच्या भागात ती वर घ्या, फटीत अडकते.

टप्पा ४ – रॉड, लाइन, ल्यूर

हे थोडक्यात, कारण यावर बोलणारे खूप आहेत. साडेसात ते आठ फुटी हेवी रॉड, बेटकास्टिंग रील, ८० पाउंडाची ब्रेडेड लाइन, आणि पुढे एक फुटाचा लीडर, स्टीलचा किंवा १०० पाउंडच्या वरचा फ्लोरोकार्बन. लीडर नाही तर मस्की नाही, दात लाइन कापतात आणि मासा तोंडात ल्यूर घेऊन जातो. ८० पाउंड ऐकून लोकांना जास्त वाटतं. पण हलक्या लाइनने मासा अर्धा तास खेळवला तर तो मरतो, दोन-चार मिनिटांत आत आला पाहिजे.

ल्यूरमध्ये कॅनूसाठी एक फरक: दहा नंबरच्या दोन पात्यांचे मोठे बकटेल (फिरणारी पाती आणि केसांचा झुपका असलेले ल्यूर) घेऊ नका. ते ओढताना इतका जोर लागतो की बसून तासभरात खांदे जातात आणि प्रत्येक ओढीला होडी ल्यूरकडे सरकते. आठ नंबरचं पातं, एखादा छोटा ग्लाइड बेट (डावी-उजवीकडे सरकणारा), पाण्यावर फडफडणारा एक टॉपवॉटर आणि एक उथळ क्रँकबेट (ओढला की डुबकी मारणारा), यावर अख्खा हंगाम निघतो. नदीतली मस्की तळ्यातल्यापेक्षा छोटं आमिष खाते असा माझा अनुभव आहे. हुकच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने चेपून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, सुटू देत. तोच हुक तुमच्या हातात घुसला तर सरळ बाहेर येईल.

टप्पा ५ – पाणी वाचणं

मस्की धारेच्या मधोमध उभी राहून ताकद खर्च करत नाही. तिला संथ पाणी पाहिजे आणि शेजारून खाणं वाहत गेलं पाहिजे. म्हणून वेगवान आणि संथ पाण्याची शीव शोधायची. पाण्यावर फेसाची किंवा पानांची एक रेघ दिसते, तीच. बेटाचं खालचं टोक, मोठ्या दगडाच्या मागचा भाग, वळणाच्या बाहेरच्या काठाचा खोल डोह, पडलेल्या झाडाची खालची बाजू, छोटा ओढा येऊन मिळतो ते तोंड, डोहाची शेपटी जिथे पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं. तिथे वेलींसारखं गवत असेल तर आणखी चांगलं.

पाणी वाढलं की मासे काठाला चिकटतात, अगदी बुडालेल्या गवतापर्यंत येतात, तेव्हा डोहात वेळ घालवू नका. पाणी फार कमी झालं की उलटं, मैलभर नदीत दोन-तीनच खोल डोह उरतात आणि सगळ्यांची गर्दी तिथे. अशा वेळी मधली उथळ नदी वल्हवत पार करा आणि त्या डोहांना वेळ द्या.

मोठी चूक ही की लोक अख्खी नदी सारखीच मारत जातात, प्रत्येक दहा फुटांवर एक कास्ट. त्यापेक्षा ८ मैलांत १२-१५ चांगल्या जागा निवडा आणि प्रत्येकीला अर्धा तास द्या.

सावधान: धारेत आडवं पडलेलं झाड मस्कीला आवडतं, पण त्याच्यातून पाणी जातं आणि होडी-माणूस अडकतात, पाण्याचा दाब वरून चालूच राहतो. अशा झाडाला वरच्या बाजूने कधीही जाऊ नका. लांबून बाजूने पुढे जा, खालच्या संथ पाण्यात वळून थांबा आणि तिथून वर कास्ट करा.

टप्पा ६ – होडी आधी, कास्ट नंतर

एक नियम पक्का ठेवा: एका वेळी एकाच्याच हातात रॉड. पुढचा कास्ट करणार, मागचा होडी सांभाळणार, अर्ध्या तासाने बदली. बदली काठाला लागून करायची, नदीत जागा बदलायची नाही. दोघांनी एकदम कास्ट केलं की होडी कोणाचीच नसते.

जागेच्या वर शंभर-दीडशे फुटांवर थांबा, म्हणजे काठाला किंवा एखाद्या दगडामागच्या संथ पाण्यात शिरून. मग तीन गोष्टी मोठ्याने बोला. अक्षरशः तोंडाने. "मासा लागला तर त्या डाव्या वाळूवर जायचं. खाली झाड आहे उजवीकडे. पहिला कास्ट त्या दगडाच्या मागे." ज्या जागेच्या खाली उतरायला जागाच नाही, तिथे कितीही मासा असेल असं वाटलं तरी कास्ट करू नका. हे मनाला पटायला वेळ लागतो.

मग खाली यायला लागा. मागचा उलटं वल्हं मारत होडीचा वेग धारेपेक्षा कमी ठेवतो, टोक किंचित काठाच्या दिशेने तिरकं. होडी काठापासून एका कास्टच्या अंतरावर. पुढच्याने पुढे आणि तिरकं, घड्याळात १० ते २ च्या मधेच कास्ट करायचा, मागे कधीच नाही, आणि रॉड डोक्यावरून मागे नेताना मागच्याला "कास्ट" असं सांगायचं. होडी ल्यूरच्या दिशेने सरकत असते, त्यामुळे लाइन ढिली पडते, रील नेहमीपेक्षा जलद फिरवायला लागतं. ढिल्या लाइनवर मासा लागला तर हुक बसत नाही.

ल्यूर ओढताना वेग मधेच बदला, एकदा थांबवा, झटका द्या. सरळ एका लयीत ओढलेला ल्यूर मस्की नुसती बघत बसते.

टप्पा ७ – कडेचा आठचा आकडा

मस्की ल्यूरच्या मागे मागे होडीपर्यंत येते आणि शेवटच्या चार फुटांत ठरवते. म्हणून ल्यूर पाण्यातून उचलायच्या आधी दरवेळी, न चुकता, रॉडचं टोक पाण्यात बुडवून ल्यूर मोठ्या वळणाने फिरवायचा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. कॅनूत बसून पूर्ण आठ काढायला जागा कमी पडते आणि तोल जातो, म्हणून लांबट गोल काढा, जेवढं मोठं वळण घेता येईल तेवढं. लीडरपासून फूटभर लाइन बाहेर ठेवा, जास्त नको.

फ्लँबोचं पाणी चहाच्या रंगाचं आहे, त्यात मासा शेवटपर्यंत दिसत नाही. आधी ल्यूरच्या मागे पाणी जरा गडद होतं, मग जबड्याची पांढरी कड दिसते, मग एकदम अख्खी पाठ, तांबूस शेपटी, आणि ती तुमच्या गुडघ्यापासून दोन फुटांवर असते. त्या क्षणी माणूस दचकून उठतो किंवा ल्यूर थांबवतो. दोन्ही चुकीचं. बसलेलेच राहा, वेग थोडा वाढवा, वळणावर ल्यूर थोडा खोल न्या आणि पुढच्या वळणाला वर आणा. मस्की बहुतेक वेळा वळणावरच घेते. पाच-सहा फेऱ्या काढा, दिसेनाशी झाली तरी आणखी दोन.

तपासा: सकाळपासून एकदाही गोल न काढता ल्यूर उचलला असेल तर दोघांनी एकमेकांना आठवण करून द्या. दुपारनंतर हात थकतात आणि नेमकं हेच सुटतं.

टप्पा ८ – मासा लागल्यावर

हुक बसवायचा तो रॉड होडीच्या लांबीच्या दिशेने, पुढे किंवा मागे, खाली ठेवून ओढून. कडेवरून आडवा झटका दिलात तर तुमचं वजन आणि माशाचं वजन एकाच बाजूला येतं. दोघांनीही गुडघे तळाला टेकायचे, बूड सीटला टेकलेलं. ड्रॅग, म्हणजे लाइन किती जोराने सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, तळ्यावर लोक पूर्ण आवळतात, कॅनूत थोडा सोडा, जोरात हाताने ओढल्यावर सरकेल इतका, कारण मासा होडीखालून पलीकडे गेला तर काहीतरी सुटायला पाहिजे आणि ती लाइनच असलेली बरी. होडीखाली गेला तर रॉडचं टोक पाण्यात घालून पुढच्या टोकाला वळसा द्या.

मागच्याचं काम आता सगळ्यात मोठं. त्याने माशाकडे बघायचंच नाही. साखळी वर घ्यायची, वल्हं हातात, आणि आधी ठरवलेल्या वाळूकडे होडी न्यायची. मासा होडी ओढतो, ती ओढ आपल्या दिशेने वापरता येते, पण होडी आडवी होऊ द्यायची नाही. उथळ संथ पाण्यात पोचलात की मागच्याने आधी उतरायचं, नेट घेऊन, मग पुढचा. तिथे उभं राहून मासा नेटमध्ये घेणं सगळ्यात सोपं आणि सुरक्षित.

सावधान: वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरू नका. दगडात पाय अडकला आणि धारेने ढकललं तर पाय निघत नाही.

वाळूपर्यंत जाता आलंच नाही तर होडीतूनच, पण एका बाजूला एकच जण झुकणार. नेटवाला झुकला की रॉडवाल्याने दुसऱ्या बाजूला वजन टाकायचं. नेट आधी पाण्यात बुडवून स्थिर ठेवायचं आणि मासा डोक्याकडून त्यात आणायचा. नेटने माशाच्या मागे धावायचं नाही, शेपटीकडून तर मुळीच नाही, ल्यूरचा सुटा हुक जाळ्याच्या कडेला अडकतो आणि मासा बाहेरच राहतो.

मासा कॅनूत घ्यायचा नाही. कधीच नाही. ४५ इंची मासा, त्याच्या तोंडात हुकांची सहा-नऊ टोकं, आणि तुमचे अनवाणी पाय एका अरुंद होडीत. मासा नेटमध्ये, नेट पाण्यात, बस.

टप्पा ९ – हुक काढणं आणि सोडणं

नेटमध्ये, पाण्यातच काढायचं. आधी लाइन ढिली करून रॉड बाजूला ठेवा. हुक बाहेरून दिसत असेल तर पक्कडीने धरून उलटा फिरवा, काटे चेपलेले असतील तर लगेच येतो. खोल गेलेला असेल किंवा दहा सेकंदांत निघत नसेल तर कटरने कापा. हुक काही रुपयांचा असतो, इथे लोक उगाच जीव अडकवतात. ल्यूरचे हुक नेटमध्ये गुंतलेले असतील तर पहिलं काम तेच कापायचं, कारण मासा उसळला की नेटमधला हुक तुमच्या हातात येतो.

लांबी तरंगत्या पट्टीने पाण्यातच मोजा. फोटो पाहिजेच असेल तर कॅमेरावाला तयार झाल्यावरच मासा उचला, आणि श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. धरायचं असं: हात ओले, एका हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाच्या आत, झाकणाला आतून चिकटवून हनुवटीच्या दिशेने सरकवायची, जबड्याच्या हाडाला लागून थांबतात, लाल कल्ल्यांना बोट लागता कामा नये. दुसरा हात पोटाखाली, मागच्या परांच्या पुढे. मासा आडवाच राहिला पाहिजे. जबड्याला धरून उभा लटकवलात तर सगळं वजन मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर येतं, हे फोटो बघवत नाहीत.

सोडताना संथ पाण्यात, तोंड वरच्या बाजूला, येणाऱ्या धारेकडे, पोटाखाली हात आणि शेपटीच्या बुडाशी हलकी पकड. पुढे-मागे ढकलायचं नाही, कल्ल्यांतून पाणी उलटं जातं आणि फायदा काहीच होत नाही. सरळ धरून ठेवा. तो स्वतः जोर लावून हातातून निघेल तेव्हाच सोडा, दोन मिनिटं लागोत नाहीतर पंधरा. गेल्यावरही पाच मिनिटं तिथेच थांबून बघा, पोट वर करून वर आला तर पुन्हा धरा.

टप्पा १० – त्या दिवसाचं उरलेलं काम

नुसता मागे आलेला, न लागलेला मासा पण नोंदवा: जागा, वेळ, पाण्याचं तापमान, गेजचा आकडा, ल्यूर. नदीतला मासा उन्हाळ्यात त्याच डोहात पुन्हा पुन्हा सापडतो, पण वर वल्हवत परत जाता येत नाही, म्हणून पुढच्या शनिवारी त्याच जागेला संध्याकाळी पोचाल असा पट्टा आखा. पाणी तेवढंच असेल तर बऱ्याचदा तोच मासा पुन्हा मागे येतो, आणि तेव्हा वेगळा ल्यूर दाखवायचा.

बाहेर निघाल्यावर कॅनू उलटी करून सगळं पाणी काढा, साखळीला, नेटला, हुकला अडकलेलं गवत हाताने काढून टाका. एका पाण्यातल्या वनस्पती आणि शिंपले दुसऱ्या पाण्यात नेऊ नयेत म्हणून विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा दोन्हीकडे हा कायदाच आहे आणि दंडही होतो. साखळी ट्यूबमधून बाहेर काढून वाळवायला विसरू नका, ट्यूबच्या आत गवताचे तुकडे राहतात आणि बाहेरून दिसत नाहीत. ल्यूर रात्री उघड्यावर वाळवा, हुक गंजले की पुढच्या वेळी कटरशिवाय निघत नाहीत, आणि जे बोथट झाले असतील ते त्याच रात्री बदलून टाका, सकाळी घाईत ते होत नाही.